उजेड कुठं पाडला, पंतुलू?

मास्तर,

तुम्ही गेलात हे मला स्टेशनवरच्या तारबाबूनं वाचून दाखवलं. देगलूरहून तुमच्या अक्कांचं कार्ड आलं होतं, सगळं तेलुगूत. मला वाटलं तुमचंच असेल, 'तुराट्या भिजू देऊ नका' असलं काहीतरी बहिणीकडून लिहून घेतलं असेल. दोन दिवस ते कोटाच्या खिशात घेऊन फिरलो. वर्गात पोरांना तक्सीम, म्हणजे भागाकार, शिकवताना खिशात हात गेला की कार्ड बोटाला लागायचं आणि बरं वाटायचं, की चला, मास्तरांचा राग गेला. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत स्टेशनात गेलो. तारबाबू तुमच्याच मुलखाकडचा. त्यानं कार्ड वाचलं, डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली आणि मला म्हणाला, आधी बसा. मी त्याच्यावर खेकसलो, "बसायला कुठं आलो? वाच की!" मग त्यानं वाचलं.

काल तुमचा दहावा झाला असणार. मी आलो नाही. कुठल्या तोंडानं येणार होतो? शेवटच्या भेटीत तुम्हाला नको ते बोललो होतो, आणि तुम्ही ते ऐकून घेऊन देगलूरची वाट धरली होती.

हे लिहितोय ते तुम्ही वाचणार नाही हे मला ठाऊक आहे. जिवंत असतात तरी वाचलं नसतंत. उर्दू, मराठी, इंग्रजी, तिन्ही लिप्यांत दुकानाच्या पाट्या रंगवायचात, एक काना इकडचा तिकडं नाही, आणि त्यातली एकही धड वाचता यायची नाही तुम्हाला. "अक्षर बी चित्रच हाय की पंतुलू," म्हणायचात. मी जन्मभर पोरांच्या चुकांवर लाल शाई ओतणारा माणूस, पण तुमच्या पाट्यांत मला कधी चूक सापडली नाही. ते मी तुम्हाला कधी सांगितलंही नाही. सांगायला काय झालं होतं कोण जाणे.

तुमच्या दारात मी आलो होतो तो वेणूसाठी. आमची एकुलती एक, सहा वर्षांची. रेणापूरला आजोळी गेली आणि विषमज्वरानं तिथंच गेली. मी इकडं नांदेडात परीक्षेच्या कॉप्या तपासत बसलो होतो. तार मिळाली, लातूरपर्यंत मोटारीनं, पुढं बैलगाडीनं, आणि पोचलो तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता. तिचा फोटो नव्हता. त्या आधीच्या दसऱ्याला काढायचा ठरला होता, पण पुढचे दोन दात पडलेले. मीच म्हणालो, बोळक्या तोंडाचा फोटो कशाला, दात येऊ द्या.

वर्ष होत आलं आणि तिचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून निसटायला लागला. आवाज आठवायचा, परकराचा रंग आठवायचा, पायातल्या वाळ्याचा नाद यायचा, आणि चेहऱ्याच्या जागी काहीच नाही. बाप असून! मी फार घाबरलो, मास्तर. पोर एकदा गेली होती, ती आता परत जात होती, आणि ह्या वेळेला मी जवळ असूनही मला थांबवता येत नव्हतं.

कुणीतरी सांगितलं, इतवाऱ्यात एक पडदे रंगवणारे आहेत, नाटकमंडळीबरोबर आले होते, लातूरच्या मुक्कामात मंडळी मोडली आणि हे नांदेडला येऊन राहिले. मी आलो तेव्हा तुम्ही जमिनीवर पसरलेल्या पडद्यावर अनवाणी उभे होता. लांब बांबूच्या टोकाला कोळसा बांधलेला, आणि उभ्या उभ्या राजवाड्याचा खांब ओढत होता. एका दमात खालून वर. मी एवढा दुःखात होतो तरी दारात उभा राहून तो खांब पुरा होईपर्यंत बघत राहिलो.

मी म्हणालो, "माझ्या मुलीचा चेहरा काढून द्या. मी सांगतो कसा होता ते."

"नाक कसं होतं?"

"नाकासारखं नाक. चांगलं होतं."

"कपाळ?"

"कपाळ... माझ्या आईसारखं."

"आईला बी मी कुठं बघितलो?" तुम्ही बांबू भिंतीला टेकवलात, माझ्याजवळ येऊन बसलात आणि किती हळू बोललात! "पंतुलू, मी काढलो तर ती दुसऱ्या कुणाची तरी पोर होईल. तुम्ही बघितले तिला. तुम्ही काढा."

पंतुलू म्हणजे तुमच्याकडं शाळामास्तर, हे त्या दिवशी कळलं. मला तर ती थट्टाच वाटली. चाळिशी उलटलेला हिशेबाचा मास्तर, ज्याला साधं मांजर काढता येत नाही, त्यानं आता चित्र काढायचं? "अहो, मला येत न्हाई म्हणून तर तुमच्याकडं आलो ना!"

"येत न्हाई ते शिकता येतंय," तुम्ही म्हणालात, "बघितलं न्हाई ते शिकता येत न्हाई."

पहिल्या दिवशी तुम्ही मला चित्र शिकवलंच नाहीत, कोळसा करायला शिकवलंत. तुरीच्या बारीक काड्या वीत-वीतभर तोडायच्या, सोलायच्या, पत्र्याच्या डब्यात दाटून भरायच्या, झाकण चिखलानं लिंपायचं आणि डबा निखाऱ्यात ढकलायचा. मी घाईचा माणूस. डबा गरम असतानाच झाकण उचकटलं, आत वारा शिरला आणि काड्यांची राख झाली. दुसऱ्या तुराट्या माझ्याकडं सरकवल्यात. माझ्या वर्गात असं एखाद्या पोरानं केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं, हे मला तिथं बसल्या बसल्या वाटलं आणि लाजही वाटली.

मग तांब्या. महिनाभर तोच एक पितळी तांब्या! लढाईमुळं कागद मिळत नव्हता, म्हणून मी जुन्या परीक्षेच्या कॉप्या आणायचो आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर काढायचो. पलीकडून पोरांची चुकलेली गणितं दिसायची, तांब्याच्या पोटातून. कोळसा मी लेखणीसारखा धरायचो आणि दाबायचो. काडी मोडायची, दुसरी घ्यायचो, तीही मोडायची. कागद नुसता काळा मिट्ट. एकदा वैतागून म्हणालो, "मास्तर, आमच्यात म्हणच हाय, कोळसा उगाळावा तितका काळाच."

"उगाळायला कोण सांगितलं?" तुम्ही विचारलंत. माझं मनगट धरलंत आणि हात कागदावरून असा फिरवलात की काडीचं वजनच लागेना. "खांद्यातून हलवा. पोरांच्या वहीवर फुली मारल्यासारखं मारू नका. आन कागद गोरा हाय ना, तसा राहू द्या थोडा." त्या दिवशी पहिल्यांदा तांब्याला पोट आलं. मी इतका खूश झालो की घरी जाताना होळी मोहल्ल्यावरून उगाच लांबचा फेरा घेतला.

आणि त्यानंतर आठवड्यातच तो उजेडाचा प्रकार.

तुमच्याकडं एक किराणावाला पाटीसाठी येऊन बसला होता. मी नवा तांब्या काढला होता, माझ्या मते झकास. तुम्ही मागं येऊन उभे राहिलात, मान वाकडी करून बघितलंत आणि त्या परक्या माणसासमोर विचारलंत, "उजेड कुठं पाडला, पंतुलू?"

किराणावाला फिस्सकन् हसला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमच्याकडं मास्तर नापास पोराला म्हणतो, 'काय उजेड पाडलास?' बाप म्हणतो, सासू म्हणते. मीच शाळेत दिवसातून दहादा म्हणतो. आणि तेच तुम्ही मला म्हणावं? मी कागद चुरगाळला, टोपी घातली आणि चालता झालो. मनात म्हटलं, पाटी रंगवणारा तो, ह्याला एवढा तोरा!

वीस दिवस फिरकलो नाही. एकविसाव्या दिवशी शाळा सुटताना फाटकाबाहेर तुम्ही उभे. धोतरावर निळा रंग सांडलेला, काखेत कोळशाचा डबा. पोरं तुमच्याकडं बघून हसत होती. तुम्ही म्हणालात, "ताप आला का पंतुलू? का पोरीचं चित्र नक्को झालं?"

मी फाडकन् तोंडावर सांगितलं, काय लागलं ते. उजेड पाडणं म्हणजे आमच्यात काय होतं तेही सांगितलं. तुम्ही ऐकत राहिलात आणि तुमचा चेहरा उतरत गेला. इतकी वर्षं ह्या गावात काढून तुम्हाला तो तिरका अर्थ माहीतच नव्हता! "देवाशपथ, मी उजेडच विचारलो," तुम्ही म्हणालात. "खिडकी कुठल्या अंगाला, तांब्यावर उजेड कुठं पडला, तेवढंच विचारलो. तुम्ही दोन्हीकडून काळं केले होते."

मी त्या फाटकात हसलो का रडलो ते आता सांगता येत नाही. पण तुम्ही त्यानंतर काय केलंत ते सांगतो, कारण ते तुम्हाला कधीच मोठं वाटलं नसेल. तुम्ही माझ्यासमोर 'उजेड' हा शब्द पुन्हा उच्चारला नाहीत. मागं येऊन उभे राहायचात आणि तुमच्या भाषेत विचारायचात, "वेलुगु एक्कडा, पंतुलू?" मी बोट दाखवायचो, ह्या बाजूनं. "हां." बस्स. मी कितीदा म्हटलं, आता बोला हो, मला राग न्हाई. तुम्ही नुसती मान हलवायचात. एका रागीट शिष्याला लागू नये म्हणून हातातला सोपा शब्द टाकून द्यायचा, एवढं मन माझ्यात नाही, मास्तर. मी वीस वर्षं मास्तरकी केली, पण मास्तर कसा असतो ते तुमच्याकडं बघून कळलं.

डबलरोटीची गंमत तर तुम्हाला सांगितलीच होती. सांगितली तेव्हा तुम्ही खोकला येईपर्यंत हसला होता. कोळसा पुसायला तुम्ही डबलरोटीचा मऊ गाभा वापरायचात, आणि बेकरीची डबलरोटी आमच्या सोवळ्याच्या घरात येणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, रोटीनं पुसतं तर भाकरीनं का पुसू नये? शिळी ज्वारीची भाकरी घेतली आणि घासली. कागद फाटला आणि तांब्याला खरूज झाली. शेवटी इतवाऱ्यातल्या बेकरीतून डबलरोटी घेऊन कोटाच्या आतल्या खिशात लपवली. वेणूच्या आईला ती कोट झटकताना सापडली. अर्धी कुरतडलेली, वर काळीकुट्ट.

"बाटलात काय हो?" ती कोट तसाच धरून माझ्यासमोर उभी. "आन खाता तर खाता, वरनं काळं लावून खाता?"

मग सगळं सांगावं लागलं. चित्राचं, वेणूचं, तुमचं. तिनं ऐकलं. वेणू गेल्यापासून आम्ही दोघं तिच्याबद्दल बोलत नव्हतो. बोललं की तिच्या मनात एकच येई, की मी वेळेत आलो नाही, आणि माझ्याही मनात तेच. तिनं डबलरोटी चिमटीत धरून अंगणात नेऊन ठेवली आणि एवढंच म्हणाली, "काढा. पण झाल्याबिगर मला दाखवू नका." पुढं ती रोटी रोज तिथंच असायची, उपड्या टोपलीखाली. शिळी झाली की मीच नवी आणायचो. टोपली मात्र तीच झाकायची.

तांब्यावरून वांगी, वांग्यांवरून चपला, चपलांवरून माणसं. तुमच्या खोलीत येणारा जाणारा प्रत्येक माणूस तुम्ही माझ्यासमोर बसवलात. तो किराणावालासुद्धा! त्याचं चित्र त्याला ओळखू आलं तेव्हा तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, की मी कॉप्यांच्या गठ्ठ्यात तोंड घातलं. पण वेणूला काढायला बसलो की सगळं फसायचं. मी तिला हसताना काढायचो. गोड चेहरा व्हायचा, कुठल्याही कॅलेंडरवर शोभावा असा, आणि ती वेणू नसायची. एकोणीस कागद झाले. विसावा मी तुमच्यासमोर फाडला.

आणि मग बोललो ते बोललो. म्हणालो, "तुम्ही काढा आता. मी बाजूला बसतो, नाक लहान मोठं सांगतो. दोन वर्षं झाली, मास्तर!"

तुम्ही म्हणालात, "नक्को. तुमच्याच हातात येती ती."

"सरळ सांगा ना तुम्हाला येत न्हाई! राजवाड्याचे खांब तेवढे येतात. माणूस काढायची ताकद न्हाई म्हणून मला दोन वर्षं तांब्याला जुंपलं!"

तुम्ही चिडला नाहीत, ह्याचाच मला जास्त राग आला. तुम्ही काडीचं टोक दगडावर घासत राहिलात. मग विचारलंत, "पंतुलू, पोरीला तुम्ही हसताना किती बघितले?"

"रोज," मी म्हणालो, आणि निघालो. चार दिवसांनी कळलं, तुम्ही खोकल्यानं हैराण होऊन अक्कांकडं गेलात. मनात आलं, येतील तेव्हा माफी मागू. दात येऊ द्या म्हणणारा माणूस मी, मास्तर. माझं सगळं पुढच्या खेपेला असतं.

आता कबूल करतो. मी खोटं बोललो.

मी वेणूला हसताना फार थोडं बघितलं. ती हसायची ती आईजवळ, अंगणात, मी घरात शिरेपर्यंत. मी तिला रोज बघायचो ते संध्याकाळी ओसरीवर, पाढे विचारताना. समोर वेताची छडी ठेवायचो. कधी मारली नाही, पण ठेवायचो. सात सक म्हटलं की ती अडायची. ओठ आत ओढून घ्यायची, हनुवटी वर, एक भुवई चढलेली, आणि आढ्याकडं बघत राहायची, तिथं बेचाळीस लिहिलेलं असल्यासारखी. तो चेहरा मला पाठ होता. मला तो नको होता, म्हणून दुसरा काढत होतो. तुम्हाला हे कळलं होतं, मास्तर. कळूनही तुम्ही मला ते तोंडावर म्हणाला नाहीत, नुसतं विचारलंत.

तारबाबूकडून उठलो तो शाळेत गेलोच नाही. घरी आलो, कोट तसाच, ओसरीवर बसलो, कॉपीची पाठ घेतली. तुम्ही मागं उभे नव्हता तरी मी बोट दाखवलं, ह्या बाजूनं, अंगणाकडून. आणि तिथला कागद गोरा ठेवला. मग वर गेलेली हनुवटी. मग ती भुवई. डोळ्यांतून पाणी गळत होतं, चित्रावर पडू नये म्हणून मान लांब करून काढत होतो. ऊन ओसरीवरून उतरेपर्यंत ती माझ्यासमोर बसली होती. वेणूच, मास्तर. दुसऱ्या कुणाचीही पोर नाही.

मी हाक मारली. वेणूची आई पदराला हात पुसत आली आणि चित्रासमोर मटकन् बसली. मग पुढं वाकली, दोन्ही तळवे चित्रातल्या पोरीच्या गालांवरून कानांपर्यंत फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली. अलाबला घेतली हो तिनं! तीन वर्षांनी लेक दिसली, दुसरं काय करणार ती?

"अगं, कोळसा हाय तो!" मी ओरडलो. पण झालं होतं. दोन्ही गाल फरफटले, भुवई गेली, हनुवटी गेली. डिंकाचं पाणी फुंकून कोळसा पक्का करतात म्हणे, ते तुम्ही वेणूचं चित्र जमल्यावर शिकवणार होता. मी डोकं धरून बसलो. तिच्या दोन्ही कानशिलांवर काळं लागलं होतं आणि ती आपले तळवे उलटेपालटे करून बघत होती.

"पुसलं?" ती म्हणाली. "मग पुन्हा काढा की. आता येतंय तुम्हाला."

तेव्हा मला तुमचं 'नक्को' कळलं, मास्तर. तुम्ही काढून दिलं असतंत तर ते एकच असतं, आणि आज ते गेलं असतं, आणि तुम्हीही नाही. जिंकलात तुम्ही. पाया पडतो.

मी दुसरी कॉपी ओढली, नवी काडी घेतली. ती तिथंच बसून राहिली, जरा बाजूला सरकून, उजेड अडू नये म्हणून. मी हात उचलला तशी म्हणाली,

"अहो, ह्या खेपेला पाढे नका विचारू तिला."